मास्तरांचा व्यायाम जातो कुठे?

“माझ्याबद्दल सांगायचं तर,” भाऊजी म्हणाले, आणि मेव्हण्यानं मुकाट्यानं स्टूल ओढून घेतलं. हे वाक्य उभ्यानं ऐकण्याइतकं छोटं कधीच नसायचं.

“माझ्याबद्दल सांगायचं तर, मी डोळ्यांनी बघत नाही. डोळ्यांनी काय, सगळेच बघतात. मी बुद्धीनं बघतो. माणूस दारातून आत आला रे आला, की त्याचा धंदा, त्याच्या बायकोचा स्वभाव आणि त्यानं सकाळी काय खाल्लं हे मला त्याच्या चपलांवरून कळतं. गुन्हेगार मला घाबरत नाहीत. का घाबरत नाहीत? कारण मी कधी आलो आणि कधी गेलो, हे त्यांना कळतच नाही. मी सावली आहे. वारा आहे.”

एवढं बोलून भाऊजी खुर्चीत मागे रेलले आणि खुर्ची कण्हली. सावली आणि वारा मिळून वजन बरंच भरत होतं, आणि ते सगळं त्या खुर्चीवर पडत होतं.

भाऊजी नोकरीत होते तेव्हा बसस्थानकात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायचे. लोक यायचे, आपापली छत्री ओळखायचे, सही करून घेऊन जायचे. अशी उभी हयात गेली आणि भाऊजींची पक्की समजूत झाली की त्या छत्र्या आपणच शोधल्या. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानाचा मागचा निम्मा भाग ताब्यात घेतला आणि बाहेर ‘खाजगी तपास’ अशी पाटी लावली. मेव्हण्याला कोणी विचारलं नाही. बहिणीचा नवरा, त्यातून वयानं मोठा, बोलणार काय? तो सहायक झाला. म्हणजे भिंग सांभाळायचं, चहा आणायचा आणि झेरॉक्सला आलेल्या गिऱ्हाइकांना ‘जरा थांबा, आत तपास चाललाय’ असं सांगायचं.

आज मात्र खरोखरच कोणीतरी आलं होतं. दारात एक बाई उभ्या होत्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, चेहऱ्यावर रात्रीची झोप न झाल्याचा थकवा.

“थांबा, सांगू नका,” भाऊजी म्हणाले. त्यांनी बाईंच्या बोटांकडे पाहिलं आणि डोळे मिटले. “तुम्ही शाळेत शिकवता. बोटांना खडू लागलाय.”

“मी शिंपीण आहे,” बाई म्हणाल्या. “हा कापडावर खुणा करायचा खडू.”

“तेच म्हणणार होतो. पण तुम्ही मध्येच बोललात. बसा, वहिनी.”

बाई बसल्या. मेव्हण्यानं त्यांना ओळखलं. मागच्या गल्लीतल्या टेलर मास्तरांची बायको. दुकानात मापं घेणं, कापड बेतणं हे मास्तरांकडे, आणि उसवणं, आत घेणं, सैल करणं हे सगळं यांच्याकडे. तोंडानं गप्पा आणि हातानं टाके, अशी बाई. आज हात रिकामे होते म्हणून की काय, त्यांना बोलायला सुचेना.

“साहेब,” शेवटी त्या म्हणाल्या, “आमच्या ह्यांचा व्यायाम जातो कुठे, ते शोधून द्या.”

भाऊजी पुढे झुकले. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर त्यांना छत्र्या, डबे, दाताची कवळीसुद्धा भेटली होती, पण हरवलेला व्यायाम घेऊन कोणी आलं नव्हतं.

“म्हणजे चोरी,” ते म्हणाले. “मेव्हणे, लिहून घ्या.”

मेव्हण्यानं काहीच लिहून घेतलं नाही, कारण पेन भाऊजींच्या कानावर होतं.

मग वहिनींनी सगळं सांगितलं. मास्तरांचे थोरले भाऊ असेच अंगानं भरलेले. एका दुपारी बेतायच्या टेबलाशी उभे होते, कात्री हातात, आणि तसेच गेले. मास्तर आता त्याच वयाला आलेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की रोज पहाटे चाला, नाहीतर तुमचंही तेच होईल. पँट सैल व्हायला लागली की समजा गाडी रुळावर आली. मग मला दाखवायला या.

“सुरुवातीला नाना भानगडी झाल्या हो,” वहिनी म्हणाल्या. “गजर झाला की हे हात लांब करून बंद करायचे आणि कूस बदलायचे. मी घड्याळ मोरीत नेऊन ठेवलं. बंद करायला मोरीपर्यंत गेले की तोंडच धुऊन यायचे. मग गुडघे धरले. डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या दिवशी डोंगर चढू नका, कोपऱ्यापर्यंत जा आणि परत या. मग कोपऱ्यावरचं कुत्रं अंगावर यायला लागलं. ह्यांनी खिशात बिस्किट ठेवलं, आता ते कुत्रंच ह्यांना चालायला नेतं. पावसात मंडईच्या छपराखाली फेऱ्या मारल्या. कामाची गर्दी झाली तेव्हा दुकान उशिरा उघडलं, गिऱ्हाईक बोललं तर बोलू दिलं. कंटाळा आला तेव्हा रेडिओ कानाला लावला. म्हणाल तो अडथळा आम्ही ओलांडला, साहेब.”

“आणि?”

“आणि पँट आहे तशीच. बोटभर सैल नाही. हे म्हणतात, मी एवढा चालतो तो व्यायाम जातो कुठे? अंगाला तर लागत नाही. सगळं थोतांड आहे. रविवारी पँट बघणार, नाही सैल झाली तर बूट भंगारात देणार.”

मेव्हणा जरा घुटमळला आणि म्हणाला, “वहिनी, घरात टेप आहे. कंबर मोजली का नाही?”

वहिनींचा चेहरा उतरला. “घरच्या माणसाला आम्ही टेप लावत नाही. सासऱ्यांपासूनची रीत आहे. घरच्यांचे कपडे जुन्या कपड्यावरून बेतायचे, टेप फक्त गिऱ्हाइकाला. आमचे मोठे भावजी, म्हणजे ह्यांचे ते थोरले भाऊ, हसायचे या रीतीला. एकदा गंमत म्हणून त्यांनी स्वतःच्या कमरेला टेप लावली, आणि त्याच वर्षी ते गेले. रीतीमुळे कोणी जात नाही, कळतं मला. पण टेप हातात घेतली की हातच पुढे जात नाही.”

वहिनींनी चष्मा काढून पदरानं पुसला.

“मला भीती वाटते साहेब,” त्या म्हणाल्या. “हे चालायचे थांबले की मी रोज दुपारी त्या टेबलाकडे बघत बसणार. मला असं बघत बसायचं नाही.”

मेव्हण्याला वाटलं, ही केस भाऊजींच्या हातात पडायला नको होती. पण पडली होती. आलिया भोगासी असावे सादर.

तपासाचा पहिला टप्पा म्हणजे पाळत. भाऊजींचा सिद्धांत असा की मास्तर चालतच नसणार. कोपऱ्यापर्यंत जात असतील आणि बाकावर बसून परत येत असतील. “नव्वद टक्के व्यायाम बाकावरच होतो,” ते म्हणाले.

पहाटे दोघं मास्तरांच्या घरासमोर दबा धरून बसले. भाऊजींनी वेश बदलला होता, म्हणजे टोपी घातली होती. मास्तर बाहेर आले, कोपऱ्यावरचं कुत्रं शेपूट हलवत त्यांना येऊन मिळालं, आणि दोघं असे सुटले की भाऊजींना टोपी हातात घ्यावी लागली.

“वाऱ्यासारखे चला, भाऊजी,” मेव्हणा म्हणाला.

भाऊजींनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. उत्तर द्यायला दम नव्हता. पहिल्या चौकात त्यांनी कमरेवर हात ठेवले, दुसऱ्या चौकात खांबाला टेकले, आणि मंडईच्या दारात एका उलट्या टोपलीवर बसले ते बसलेच. भाजीवाली म्हणाली, “ओ काका, खाली कोथिंबीर आहे.” सावलीला परतीसाठी रिक्षा करावी लागली. पुढचं सगळं मेव्हण्यानं एकट्यानं पाहिलं. मास्तर नदीपर्यंत गेले, पूल ओलांडला, परत आले, आणि वाटेत एकदाही बसले नाहीत. घरी पोचले तेव्हा मेव्हण्याचीच पोटरी धरली होती.

“म्हणजे चालतात,” भाऊजी पाय गरम पाण्यात सोडून म्हणाले. “मग कुत्र्याचं बघा. तुमच्या लक्षात आलं का, मेव्हणे? कुत्र्याची कंबर कशी आहे?”

“बारीक.”

“सहा महिन्यांपूर्वी?”

“मी काय कुत्र्याला ओळखत होतो, भाऊजी?”

“आधी ते लठ्ठ होतं. मी चौकशी केलीये. आता छातीशी रुंद, कमरेत बारीक. याचा अर्थ सरळ आहे. चालतायत मास्तर, आणि व्यायाम लागतोय कुत्र्याला.”

मेव्हण्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. पण भाऊजींचं पाऊल एकदा पुढे पडलं की मागे यायचं नाही, निदान बसल्या जागी तरी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेव्हण्याला कुत्रं धरून ठेवायला लावलं, म्हणजे मास्तर एकटे चालतील आणि व्यायाम त्यांनाच मिळेल. कुत्र्यानं ही योजना ऐकून घेतली नाही. मेव्हण्याची पँट गुडघ्याखाली फाटली, आणि ती शिवायला मास्तरांच्याच दुकानात जावं लागलं.

तिसरा संशय बेकरीवर. पुलाच्या अलीकडे एक बेकरी होती आणि मास्तरांची रोजची वाट बरोबर तिच्या दारावरून जायची. भाऊजी म्हणाले, “आता कळलं. एका हातानं चालायचं, दुसऱ्या हातानं खायचं.” बेकरीवाला पीठ मळत होता. भाऊजींनी त्याची कसून चौकशी केली. चौकशीसाठी त्यांनी एक क्रीम रोल मागवला, मग तुलनेसाठी आणखी एक, आणि साक्षीदाराचा विश्वास संपादन करण्यासाठी एक केक.

“मास्तर?” बेकरीवाला म्हणाला. “ते दारावरून जाताना तोंड पलीकडे करतात हो. पहिल्या दिवसापासून. श्वाससुद्धा रोखून धरतात. आता तर एवढे बारीक दिसायला लागलेत की मला वाटलं, दुखणं बिखणं आहे का काय.”

“ऐकलंत?” भाऊजी बाहेर येऊन ओठांवरचं क्रीम पुसत म्हणाले. “गिऱ्हाईक तुटलं म्हणून आजारपणाची अफवा पसरवतोय. व्यापारी माणूस, त्याच्या बोलण्यावर जायचं नाही.”

“पण तो म्हणाला, बारीक दिसतात.”

“दिसतात. दिसणं आणि असणं यात फरक आहे. मी सावली दिसतो का?”



मेव्हणा मात्र स्वस्थ बसला नाही. गल्लीच्या टोकाला भंगारवाला होता, त्याच्याकडे मोठा काटा होता. मेव्हण्यानं मास्तरांची मनधरणी केली की टेप नको तर नको, वजन तर करू. मास्तर घरच्यांचं मन राखायला तयार झाले. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बाजूला सारून ते काट्यावर उभे राहिले. भंगारवाल्यानं वाकून पाहिलं आणि आकडा सांगितला. मास्तर डॉक्टरांकडे काट्यावर उभे राहिले होते तेव्हाच्या आकड्यापेक्षा तो चांगलाच कमी होता.

मेव्हण्याच्या तोंडावर हसू फुटलं. पण मास्तर आणि मागे उभे असलेले भाऊजी, या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

“हा भंगारवाल्याचा काटा आहे,” मास्तर म्हणाले. “याच्यावर कोणीही कमीच भरतं. माझी वर्षभराची रद्दी यानं मुठीएवढी दाखवली होती.”

“पुरावा बाद,” भाऊजी म्हणाले.

भंगारवाल्यानं शपथा घेतल्या, की रद्दीच्या बाबतीत असेल, पण माणसाच्या बाबतीत मी कशाला काटा मारू? माणूस मी घेतो का विकत? कोणी ऐकून घेतलं नाही. एकदा का माणसाचं नाव खराब झालं, की त्याच्या खरेपणालाही कोणी विचारत नाही.

मास्तर काट्यावरून उतरले आणि बुटांकडे बघत राहिले. बूट चांगले झिजले होते. “एवढं घासून काय मिळालं?” ते म्हणाले. “पँट खोटं बोलत नाही, मेव्हणे. मी चाळीस वर्षं लोकांच्या पँटी बघतोय. माणूस खोटं बोलतो, टेप खोटं बोलते, काटा खोटं बोलतो. पँट नाही.” ते मागे न बघता निघून गेले. ते इतके हळू चालत होते की मेव्हण्याला गलबलून आलं.

शनिवारी संध्याकाळी भाऊजींना साक्षात्कार झाला. कापडवाला. त्याच्याबद्दल एक महत्त्वाची बातमी त्यांच्या कानावर आली होती. मास्तरांची बायको आणि कापडवाला यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ते सगळ्या बाजारानं ऐकलं होतं.

“हेतू बघा, मेव्हणे. प्रत्येक गुन्ह्यामागे हेतू असतो. लठ्ठ माणसाला कापड किती लागतं? जास्त. बारीक माणसाला? कमी. शिंप्यानं बारीक व्हायचं ठरवलं, त्याचं बघून उद्या सगळे बारीक झाले, तर कापडवाल्यानं काय करायचं?”

कापडवाल्यानं मात्र हात जोडले. “अहो, भांडण त्यांनी काढलं. तुमच्या कापडात दम नाही म्हणाल्या. धुतलं की सैल पडतं म्हणाल्या. अहो, तोच तागा अर्ध्या गावानं नेलाय, तुमच्याच घरी गेलाय. कोणाची तक्रार नाही.”

“म्हणजे माझ्या घरापर्यंत पोचला तर हा कट,” भाऊजी मेव्हण्याच्या कानात कुजबुजले. “उद्या सगळ्यांना मास्तरांच्या दुकानात बोलवा. सगळे समोर पाहिजेत. मग मी एकेक धागा उलगडतो.”

रविवारची सकाळ. मास्तरांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे बेतायचं टेबल, मागे दोन मशिनी, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा. मास्तर आज चाललेच नव्हते. पहाटे उठून त्यांनी पँट चढवली होती. ती बरोबर बसली होती, ना सैल, ना घट्ट. बूट दोरीनं बांधून दाराशी ठेवले होते. कुत्रं बाहेर पायरीवर बसून आत बघत होतं. बेकरीवाला, भंगारवाला आणि कापडवाला एका बाकावर दाटीवाटीनं बसले होते. वहिनी मशिनीशी, आणि सवयीनं हात चाललेले. डोळे मात्र बुटांवर.

भाऊजी उभे राहिले. घसा साफ केला.

“गुन्हेगार याच खोलीत आहे,” ते म्हणाले.

भंगारवाला उठून उभा राहिला. “मी जाऊ का?”

“बसा. हे प्रकरण दिसतं तितकं साधं नाही. यात कुत्रा आहे, क्रीम रोल आहे, काटा आहे आणि एक तागा आहे.” भाऊजींनी एकेकाकडे बोट दाखवायला सुरुवात केली. बेकरीवाला चिडला, कापडवाला त्याहून चिडला, कुत्रं भुंकलं, आणि त्या सगळ्या गोंधळात दारातून ताई आत आली.

ताई म्हणजे मेव्हण्याची थोरली बहीण आणि भाऊजींची बायको. हातात पिशवी. तिनं भाऊजींकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ वहिनींच्या मशिनीशी गेली.

“वहिनी, आमच्या ह्यांची ही पँट जरा सैल करून द्या. बटण लागत नाही. या आठवड्यात फारच तपास झाला म्हणे.”

वहिनींनी पँट हातात घेतली, उलटी केली, कंबरेची पट्टी बोटांनी चाचपली. “हे त्याच ताग्यातलं कापड ना? मग सैल कशाला करता, आपोआपच पडेल की सैल. आमच्या ह्यांची त्याच कापडाची आहे, दर धुण्याला मला आत घ्यावी लागते. एवढं ढगळ घालून शिंपी दुकानात उभा राहिला तर गिऱ्हाईक येईल का? म्हणून तर मी कापडवाल्याशी भांडले.”

कापडवाला काहीतरी बोलायला उठला. ताईनं त्याला हातानंच बसवलं.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “कापड एक. ताग्यात फरक नाही. धुणं दोन्ही घरी साबणाचंच. मग आमच्याकडे ते आवळतं आणि तुमच्याकडे सैल पडतं, असं कसं?”

वहिनींचा हात थांबला. मेव्हण्यानं त्या दुकानात वहिनींचे हात पहिल्यांदाच पूर्ण थांबलेले पाहिले.

“वहिनी, कापड सैल पडत नाहीये,” ताई म्हणाली. “मास्तर बारीक होतायत. आणि तुम्ही ते मागून शिवून टाकताय.”

मास्तर टेबलामागून हळूहळू पुढे आले. वहिनी उठल्या, त्यांच्यामागे गेल्या, आणि त्यांच्या पँटीच्या मागच्या शिवणीची पट्टी उलटली. आत टाक्यांची एक ओळ होती. तिच्या आत दुसरी. तिच्या आत तिसरी. सगळे टाके बारीक, एकसारखे, हातानं दिलेले. कधी दुपारी गिऱ्हाईक नसताना, कधी बोलता बोलता, कधी रात्री जेवणं झाल्यावर. गिऱ्हाइकाची पँट ढगळ दिसली की आत घ्यायची, तशीच नवऱ्याचीही. कापडापलीकडे त्यांनी त्याचा कधी विचारच केला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“तूच?” मास्तर म्हणाले.

“मला वाटलं कापड,” वहिनी म्हणाल्या. “मला खरंच कापडच वाटलं हो.”

“मी रोज नदीपलीकडे जाऊन यायचो, आणि तू रोज मला परत आत घ्यायचीस?”

वहिनींनी मान हलवली. मग ब्लेड घेतलं. मास्तर पडद्याआड गेले आणि पँट बाहेर टाकली. वहिनींनी एकेक ओळ उसवायला घेतली. चष्म्यावर पाणी आलं होतं, तरी ब्लेड कुठे कापडाला लागलं नाही. उसवलेले दोरे मांडीवर जमत गेले आणि बाकावरचे तिघं चोर ते बघत बसले.

पँट पडद्याआड गेली. थोड्या वेळानं मास्तर बाहेर आले. दोन्ही हातांनी त्यांनी कंबर धरली होती. खोलीच्या मधोमध येऊन ते उभे राहिले, आणि त्यांनी हात सोडले.

पँट सरळ घोट्यांवर उतरली.

त्याच वेळी दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, हातात कापडाचं पुडकं. त्यानं चट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून उभ्या असलेल्या टेलर मास्तरांकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं, मग पुन्हा मास्तरांकडे.

“कपडे शिवून मिळतात ना इथे?” त्यानं विचारलं.

वहिनी आधी हसल्या. इतक्या मोठ्यानं हसल्या की बेकरीवाला दचकला. आणि हसता हसताच रडायला लागल्या, मशिनीवर डोकं टेकून. मास्तरांचे थोरले भाऊ गेले तेव्हापासून साठलेलं सगळं त्या रडण्यातून गेलं. मास्तरांना कळेना की आधी पँट उचलावी की बायकोला सावरावं. शेवटी एका हातानं पँट आणि दुसऱ्या हातानं बायकोचा खांदा धरून ते उभे राहिले.

“मी सुरुवातीपासून म्हणत होतो,” भाऊजींनी घसा साफ केला, “गुन्हेगार घरातलाच आहे.”

“तुम्ही कुत्र्याला म्हणत होतात,” मेव्हणा म्हणाला.

“कुत्रा हा दिशाभूल करण्यासाठी होता.”

ताईनं भाऊजींकडे पाहिलं, हातातल्या त्यांच्या पँटीकडे पाहिलं, आणि ती पँट न सैल करताच पिशवीत परत कोंबली. “बूट घाला,” ती मास्तरांना म्हणाली, आणि मग भाऊजींना, “तुम्हीपण.”

“मी? माझा तपास...”

“तपासात चालतच होतात ना? मंडईपर्यंत. आता पुलापर्यंत जा. टोपलीवर बसायचं नाही.”

मास्तर दाराशी वाकले. बुटांची दोरी सोडवायला गेले तर पँट सुटायला लागली, म्हणून मेव्हण्यानंच ती सोडवून दिली. पट्टा लावा म्हणून कापडवाल्यानं स्वतःच्या कमरेचा काढून दिला, पण मास्तरांनी तो हातानं बाजूला सारला. पट्टा नको, टाका नको, हातानं धरूनच जाणार, सगळ्या बाजाराला दिसू दे, म्हणाले. गिऱ्हाइकाला बाकावर बसवलं, चहा सांगितला, आणि भर कामाच्या वेळी दुकान सोडून ते पायरी उतरले. एक मूठ कमरेशी, दुसरा हात मोकळा. कुत्रं पुढे, मास्तर मधे, आणि भाऊजी मागे कुठेतरी, ताईच्या नजरेच्या टप्प्यात.

वहिनी पायरीवर उभ्या राहिल्या. हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी ते पदराला पुसले. मास्तर कोपऱ्यापाशी पोचले तेव्हा पँट एकदा मुठीतून निसटली, आणि ती सावरायला ते क्षणभर थबकले.

“अहो,” वहिनी इतक्या मोठ्यानं ओरडल्या की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, “पँट पडली तर पडू द्या. पण तुम्ही थांबू नका.”

मास्तरांनी मागे न बघता मोकळा हात वर केला आणि चालायला लागले.